तळ्याचे कुटुंब

राजस्थानच्या पूर्व सीमेवर, आग्र्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, भरतपूर नावाचे जुने शहर आहे. त्या शहराला लागूनच एक विस्तीर्ण पाणथळ प्रदेश पसरलेला आहे. त्याच्या मध्यभागी केवलादेवाचे, म्हणजे शंकराचे, एक जुने मंदिर असून भोवती दाट झाडी आहे. देवावरून 'केवलादेव' आणि दाट झाडीवरून 'घना', असे दुहेरी नाव त्या प्रदेशाला मिळाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. चांगला पाऊस झाला, की त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्याने भरून जातो.

मार्गशीर्षातील पहाटे ह्या तळ्याचे रूप पाहण्यासारखे असते. पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा तरंगत असतो. त्या पडद्याआडून प्रथम आवाज ऐकू येतात. पक्षी मागाहून दिसू लागतात. सारसांची जोडी मान उंचावून तुतारीसारखा स्वर काढते. चक्रवाक आणि थापट्या बदके पाण्यावर थव्याथव्याने डुलत असतात. लांब बोटांचे कमळपक्षी तरंगत्या पानांवरून अलगद चालत जातात. बाभळीच्या फांद्यांवर पाणकावळे ओले पंख पसरून उन्हाची वाट पाहत बसलेले असतात. ह्यांपैकी कित्येक पाहुणे हिमालय ओलांडून, मध्य आशिया आणि सायबेरिया अशा दूरच्या प्रदेशांतून आलेले असतात. आजवर ह्या एका ठिकाणी साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे.

इतक्या पक्ष्यांना हे लहानसे तळे खाऊ तरी काय घालते? कोणी शेतकरी येथे धान्य पेरीत नाही. कोणी धनिक येथे अन्नछत्र चालवीत नाही. तरीही दरवर्षी हजारो पाहुण्यांची पंगत उठते आणि तळ्याचे कोठार रिते होत नाही. हे कोठार भरते कोण, हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधताना मोठमोठ्या जाणकारांचाही एकदा अंदाज चुकला.

हे तळे सर्वस्वी निसर्गनिर्मित नाही. येथील जमीन मुळातच खोलगट होती. गंभीर आणि बाणगंगा ह्या नद्यांचे पाणी पावसाळ्यात तिच्यावर पसरत असे. अठराव्या शतकात भरतपूरचे राजे सूरजमल यांनी अजान बांध घालून ते पाणी अडविले. तेव्हापासून बांधात साठलेले पाणी दर पावसाळ्यात ह्या सखल भागात सोडण्याचा प्रघात पडला. त्या पाण्याबरोबर असंख्य मत्स्यबीजही तळ्यात येते. पाहता पाहता उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर गवत, लव्हाळे आणि कमळे डोलू लागतात.

कोठार भरण्याचे काम येथूनच सुरू होते. हिरव्या वनस्पती सूर्याचा प्रकाश, हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू, पाणी आणि मातीतील क्षार यांपासून आपले अन्न आपणच तयार करतात. हे सामर्थ्य प्राण्यांना लाभलेले नाही. म्हणून वनस्पतींना 'उत्पादक' असे म्हणतात. तळ्यातील उत्पादक केवळ उंच लव्हाळे आणि कमळेच नव्हेत. पाण्याला हिरवट छटा देणारे अतिसूक्ष्म शेवाळही त्यांतच मोडते. ते नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाही; पण पाण्यातील कितीतरी जिवांची भूक तेच भागविते.

शेवाळावर पाण्यातील बारीक जीव आणि गोगलगायी जगतात. त्यांना कीटक आणि लहान मासे खातात. लहान माशांना मोठे मासे गिळतात आणि मोठ्या माशांवर पाणकावळा झडप घालतो. अशा रीतीने एकाचे अन्न दुसरा आणि दुसऱ्याचे अन्न तिसरा, अशी जी मालिका तयार होते, तिला 'अन्नसाखळी' म्हणतात. साखळीतील वनस्पतींखेरीज इतर सर्व सभासद आयते अन्न खाणारे. म्हणून त्यांना 'भक्षक' हे नाव आहे. प्रत्यक्षात मात्र ही साखळी इतकी सरळ नसते. बेडूक कीटक खातो. बेडकाला पाणसाप खातो आणि बगळाही खातो. बगळा बेडूक मिळाला नाही तर मासा टिपतो. एक कडी अशी अनेक कड्यांत अडकलेली असते. म्हणून अन्नसाखळीपेक्षा 'अन्नजाळे' हा शब्द अधिक खरा ठरतो.

ह्या जाळ्यात एक कठोर हिशेबही दडलेला आहे. प्राणी जे अन्न खातो, त्यातील बराच भाग हिंडणे, श्वास घेणे, शरीर ऊबदार ठेवणे ह्यांतच खर्च होतो. काही भाग पचतच नाही. त्यामुळे एका पायरीवरून वरच्या पायरीवर ढोबळ मानाने एक दशांशच ऊर्जा पोहोचते. हे प्रमाण सर्वत्र तंतोतंत सारखे नसते. तरी त्यावरून कल्पना येऊ शकते. दहा हजार किलो वनस्पतींवर हजार किलो बारीक जीव पोसले, तर त्यांवर शंभर किलो मासे आणि माशांवर अवघे दहा किलो पक्षी पोसले जातील. तळ्यावर बदके शेकडोंनी दिसतात आणि त्यांच्यावर घिरट्या घालणारा ससाणा एखादाच दिसतो, ह्याचे कारण हेच. वरच्या पायरीवरील एक जीव जगावा, तर खालच्या पायऱ्या भक्कम आणि रुंद असाव्या लागतात.

परंतु केवळ खाणारे आणि खाल्ले जाणारे एवढ्यांनीच तळ्याचे कुटुंब पुरे होत नाही. गळलेली पाने, मेलेले मासे, पक्ष्यांची विष्ठा हे सर्व अखेर तळाशी जाते. ते तसेच साचत राहिले असते, तर तळे थोड्याच वर्षांत बुजून गेले असते. तेथे चिखलात जीवाणू आणि बुरशी यांचे काम अखंड चालू असते. मृत पदार्थ कुजवून ते त्यांचे पुन्हा साध्या क्षारांत रूपांतर करतात आणि ते क्षार वनस्पतींच्या मुळांना मिळतात. ह्या जिवांना 'विघटक' असे म्हणतात. त्यांची कोणी चित्रे काढीत नाही आणि त्यांना पाहण्यासाठी कोणी दुर्बिणी घेऊन येत नाही. पण त्यांनी काम थांबविले, तर वरची सारी शोभा ओसरून जाईल.

चित्रबलाकांचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. पिवळ्या चोचीचे आणि पंखांवर गुलाबी छटा असलेले हे मोठे पक्षी पाऊस चांगला झाला, की पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर घरटी बांधतात. खाली पाणी असल्यामुळे कोल्ह्यांना झाडाशी पोहोचणे कठीण जाते. एकेका झाडावर अनेक घरटी असतात आणि प्रत्येक घरट्यात भुकेली पिले असतात. आईबाप दिवसभर मासे आणून त्यांना भरवितात. तळ्यातून अशी मण मण मासळी रोज उचलली जाते. पण त्याच वेळी झाडांवरून पक्ष्यांची विष्ठा पाण्यात पडत असते. विघटक तिचे खत करतात, खतावर शेवाळ वाढते, शेवाळावर बारीक जीव आणि त्यांवर मासे पोसतात. पक्षी तळ्याकडून घेतात, तसे तळ्याला देतातही.

सजीव आणि त्यांच्या भोवतीचे पाणी, माती, हवा, प्रकाश यांचा हा जो एकत्र चाललेला संसार, त्याला 'परिसंस्था' म्हणतात. आणि ह्या संसारातील परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला 'परिस्थितिकी' हे नाव आहे. ह्या शास्त्राचे युरोपीय नाव अर्न्स्ट हेकेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये योजिले. 'घर' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते बनले आहे. नाव समर्पकच म्हटले पाहिजे. कारण घरात कोण काय करतो आणि कोणाचे कोणावाचून अडते, हेच हे शास्त्र पाहते.

भरतपूरच्या ह्या घरात आणखी एक सभासद होता. त्याच्याकडे मात्र पुष्कळ दिवस कोणी सभासद म्हणून पाहिलेच नाही. तो सभासद म्हणजे आसपासच्या गावांतील म्हैस.

घन्याच्या भोवती अनेक खेडी आहेत. तेथील गावकरी पिढ्यान्पिढ्या आपली गाईगुरे ह्या रानात चरावयास आणीत. सकाळी गुराख्यांच्या हाकांबरोबर शेकडो जनावरे आत शिरत. म्हशी तर तळ्यातच उतरत. गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्या पाणगवत खात, चिखलात लोळत आणि संध्याकाळी चिखलाने माखलेल्या अंगाने संथपणे घरी परतत. गावाला दूध मिळे, शेणखत मिळे आणि चुलीसाठी सरपणही मिळे.

ह्याच तळ्यावर एके काळी फार मोठी पक्षिहत्या होत असे. संस्थानी राजवटीत बदकांच्या शिकारीसाठी हा प्रदेश राखीव ठेवलेला होता. राजेरजवाडे आणि इंग्रज अधिकारी येथे शिकारीस येत. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ १२ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या एका शिकारीत, एकाच दिवसात, ४,२७३ पक्षी मारले गेले. अशा शिकारींचे आकडे कोरलेले शिलालेख आजही तेथे उभे आहेत. ज्या अंकांचा तेव्हा अभिमान वाटे, ते अंक वाचून आजचा प्रवासी खिन्न होतो.

काळ पालटला. शिकारीची जागा संरक्षणाने घेतली. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था आणि तिचे थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी ह्या तळ्याचे महत्त्व जगापुढे मांडले. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचे कामही येथे झाले. १९८१ साली घन्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांत झाला. १९८२ साली तो राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला आणि १९८५ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव आले.

राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास कायद्याने मनाई असते. म्हशी गवत तुडवितात, पक्ष्यांना त्रास देतात. त्या बाहेर गेल्या, की पक्ष्यांना सुख लाभेल, असेच तेव्हा पुष्कळांना वाटत होते. निसर्गाची मनापासून काळजी वाहणारी जाणती मंडळीही ह्याच मताची होती. त्यांच्या हेतूत काही खोट नव्हती. १९८२ च्या नोव्हेंबर महिन्यात घन्यात गुरे आणण्यास बंदी झाली.

गावकऱ्यांना हा निर्णय अन्यायाचा वाटला. ज्या रानात त्यांच्या आजोबा-पणजोबांची गुरे चरली, त्या रानाची दारे एकाएकी बंद झाली होती. घरची म्हैस कोठे न्यावी आणि तिला काय घालावे, हा त्यांच्यापुढे रोजचा प्रश्न होता. असंतोष वाढला, गावकरी आणि पोलिस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि त्यात काही गावकऱ्यांचे प्राण गेले. पक्ष्यांच्या रक्षणासाठी घेतलेल्या निर्णयाची अशी जबर किंमत माणसांना द्यावी लागली. ही आठवण त्या परिसरातील घराघरांत दीर्घकाळ सलत राहिली.

म्हशी गेल्या. तळे शांत झाले. आता पक्षी वाढतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात जे वाढले, ते पक्षी नव्हेत. ते होते गवत!

तळ्यात पॅस्पेलम नावाचे एक पाणगवत पूर्वीपासून होते. त्याचे लांब धागे पाण्यावर पसरतात. प्रत्येक पेराशी नवी मुळे फुटतात आणि बघता बघता त्याची जाड चटई विणली जाते. पूर्वी म्हशी रोज ते खात आणि तुडवीत असल्यामुळे त्याला पसरावयास अवसर मिळत नसे. आता त्याला अडविणारे कोणीच उरले नाही. पुढील काही वर्षांत जेथे मोकळे पाणी चमकत असे, तेथे हिरव्या गवताचा थर दिसू लागला.

दुरून पाहणाऱ्यास हा हिरवेपणा समृद्धीचे लक्षण वाटला असता. परंतु बदकांना उतरावयास, पोहावयास आणि बुड्या मारावयास मोकळे पाणी लागते. ते आकसत चालले. गवताच्या दाट थराखाली प्रकाश पोहोचेना. मग पाण्यातील शेवाळ आणि इतर वनस्पती कशा वाढणार? वाळलेले गवत पाण्यात कुजू लागले, की पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि माशांचा जीव गुदमरतो. मासे कमी झाले, की मासे खाणाऱ्या पक्ष्यांची उपासमार होते. शिवाय दरवर्षीचे न खाल्लेले गवत तळाशी साचून तळे हळूहळू उथळ होते. अन्नजाळ्याचा एक धागा ओढला गेला आणि त्याची ओढ थेट दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचली.

सुदैवाने ह्या काळात तळ्यावर कोणीतरी बारकाईने नजर ठेवून होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० पासून १९९० पर्यंत घन्याचा सविस्तर अभ्यास चालविला होता. डॉ. व्ही. एस. विजयन हे त्या कामाचे प्रमुख होते. अभ्यासकांनी केवळ पक्षी मोजले नाहीत. त्यांनी पाण्याची परीक्षा केली, वनस्पतींची वाढ मापली, मासे आणि सरपटणारे प्राणी अभ्यासले. म्हशी असतानाचे तळे आणि म्हशी गेल्यानंतरचे तळे, अशी दोन्ही चित्रे त्यामुळे त्यांच्यासमोर आली. ती शेजारी शेजारी ठेवल्यावर निष्कर्ष टाळता येण्याजोगा राहिला नाही. गुरांच्या बंदीने तळ्याचे हित झाले नव्हते. अपायच झाला होता. पाणथळ जागेचे हळूहळू गवताळ रानात रूपांतर होण्याची जी स्वाभाविक प्रवृत्ती असते, तिला म्हशी रोजच्या रोज आवर घालीत होत्या.

म्हशींची कामे आता ध्यानात येऊ लागली. त्या गवत खाऊन पाणी मोकळे ठेवीत होत्या. त्यांच्या खुरांनी तळाचा चिखल ढवळला जात होता. त्यांचे शेण पाण्यात पडून त्याचे खत होत होते. आणि हे सारे त्या विनावेतन करीत होत्या!

ह्या अभ्यासात एक गोष्ट विशेष आदरास पात्र आहे. गुरांना बंदी असावी, असे ज्या पक्षिप्रेमी वर्तुळात मानले जात होते, त्याच वर्तुळातील शास्त्रज्ञांनी हा निष्कर्ष जाहीर केला. आपल्या पूर्वीच्या समजाविरुद्ध पुरावा मिळाला, म्हणून त्यांनी तो लपविला नाही. मर्यादित संख्येने म्हशींना आत येऊ द्यावे, अशी सूचना त्यांनी केली. निसर्गाच्या अभ्यासकाला दुर्बीण लागते, वही लागते. पण 'समज चुकला होता' असे म्हणण्याचे धैर्य त्याहून अधिक लागते.

मात्र ह्या घटनेवरून 'गुरे सर्वत्र उपकारकच असतात' असे अनुमान काढणे म्हणजे पुन्हा तीच चूक करणे होय. एखाद्या डोंगरउतारावर गुरे बेसुमार चरली, तर गवताची मुळे उखडतात आणि पावसाबरोबर माती वाहून जाते. रोपेच खाल्ली गेली, तर जंगल नव्याने उगवत नाही. भरतपूरच्या तळ्यात जे हिताचे, ते दुसऱ्या रानात घातक ठरू शकते. भरतपुरातही म्हशींची संख्या भलतीच वाढली असती, तर तळ्याला अन्नाऐवजी उपद्रवच झाला असता. कोणता जीव कोठे, किती संख्येने आणि कोणते काम करतो, हे पाहिल्यावाचून त्याला मित्र किंवा शत्रू ठरविता येत नाही.

राष्ट्रीय उद्यानाचा कायदा गुरांना आत येऊ देत नव्हता. परंतु गवत तर काढावयास हवे होते. तेव्हा गावकऱ्यांना परवाने देऊन गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. म्हैस तळ्यात गेली नाही. गवत म्हशीकडे आले. पुढे विलायती बाभळीने घन्यातील कोरड्या जमिनीवर आक्रमण केले, तेव्हा ती मुळासकट उपटून काढण्याच्या कामीही गावकऱ्यांची मदत घेण्यात आली. लाकूड त्यांना मिळाले आणि जमीन मोकळी झाली. प्रवाशांना उद्यानात फिरविणारे सायकलरिक्षावाले पक्ष्यांची नावे, त्यांचे आवाज आणि त्यांच्या बसण्याच्या जागा अचूक सांगू लागले. ज्या माणसांना एकदा दाराबाहेर ठेवले होते, त्यांच्या हातांवाचून आणि ज्ञानावाचून तळ्याचे रक्षण होत नाही, हे हळूहळू सर्वांना पटले.

तळ्याची सर्वच दुखणी मात्र बरी झाली नाहीत. शुभ्र पांढरे, लाल चेहऱ्याचे सायबेरियन क्रौंच हे एके काळी घन्याचे सर्वांत मानाचे पाहुणे होते. उथळ पाण्यात चोच खुपसून वनस्पतींचे कंद उकरून खाणे, ही त्यांची रीत. वर्षानुवर्षे त्यांची संख्या घटत गेली. हजारो किलोमीटरच्या वाटेवर होणारी शिकार आणि विसाव्याच्या पाणथळ जागांचा नाश, ही त्याची मोठी कारणे. २००२ सालच्या हिवाळ्यात शेवटची जोडी येथे दिसली. त्यानंतर घन्याने त्या पाहुण्यांची वाट पाहिली, ती व्यर्थच. परिसंस्थेचे कुंपण उद्यानाच्या भिंतीपाशी संपत नाही, हे ह्यावरून दिसते. सायबेरियातून निघालेल्या पक्ष्याच्या वाटेवरील प्रत्येक तळे हे भरतपूरच्या तळ्याचे नातलगच असते.

पाण्याचेही तसेच. गंभीर नदीवर वरच्या बाजूस पांचना धरण झाल्यावर घन्याकडे येणारे पाणी कमी झाले. धरणाचे पाणी शेतीलाही हवे होते आणि तळ्यालाही. अवर्षणाच्या वर्षी तर तळे कोरडे पडू लागले आणि बाभळींवर घरटी बांधणारे पक्षी पाण्याअभावी अन्यत्र गेले. पुढे दुसरीकडून नळाने पाणी आणण्याची व्यवस्था करावी लागली. सूर्यप्रकाश, माती आणि पाणी ही निर्जीव खरी; पण त्यांच्यावाचून सजीवांची साखळी सुरूच होऊ शकत नाही.

आजही पाऊस मनासारखा झाला, की अजान बांधाकडील पाण्याची सखल जमिनीत वर्दळ सुरू होते. चिखलात निजलेली बीजे जागी होतात. चित्रबलाक आपल्या जुन्या बाभळींवर काटक्या रचू लागतात. काठावर गावातील बायका गवताचे भारे बांधून डोक्यावर घेतात आणि घराकडे चालू लागतात. गोठ्यात म्हैस त्या गवताची वाट पाहत असते. तिला तळ्याचे काही ठाऊक नसते. परंतु तिच्या प्रत्येक घासाबरोबर तळ्यातील थोडेसे पाणी पुन्हा मोकळे होत असते.

तळ्याच्या कुटुंबात आगंतुक असे कोणीच नसते. कोणाचे काम डोळ्यांना दिसते, कोणाचे चिखलात दडलेले असते, तर कोणाचे काम ते थांबल्यावरच कळते. कुटुंबातील एखाद्याला निरुपयोगी ठरविण्यापूर्वी तो काय करतो, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. भरतपूरच्या तळ्याने हा धडा फार मोठे मोल घेऊन शिकविला. ते मोल पुन्हा पुन्हा न देता तो धडा लक्षात ठेवणे, हे शहाणपणाचे लक्षण होय.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) 'केवलादेव घना' हे नाव कशावरून पडले?
(आ) अजान बांध कोणी बांधविला?
(इ) विघटक कोणाला म्हणतात?

२. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) अन्नसाखळीपेक्षा 'अन्नजाळे' हा शब्द अधिक खरा का?
(आ) तळ्यावर बदके शेकडोंनी दिसतात, पण ससाणा एखादाच दिसतो. असे का?
(इ) म्हशी गेल्यानंतर तळ्यात कोणते बदल झाले, ते क्रमाने लिहा.
(ई) शास्त्रज्ञांच्या कोणत्या गुणाची पाठात प्रशंसा केली आहे?

३. 'म्हैस तळ्यात गेली नाही. गवत म्हशीकडे आले.' ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : पिढ्यान्पिढ्या, विनावेतन, बेसुमार, आगंतुक.

५. उपक्रम : गावातील किंवा शहरातील एखादे तळे, ओढा किंवा विहीर निवडून तेथे आढळणाऱ्या वनस्पतींची आणि प्राण्यांची यादी करा. कोण कोणावर जगतो, हे बाणांनी दाखवून त्याचे अन्नजाळे काढा.